फाट्यावर मारलेली पिढी

हिंगोली जिल्ह्यातल्या पोरांना जगाचे दार दिसूच नये, असा कट कुणी रचला असता तरी तो इतका बिनबोभाट पार पडला नसता. कट रचायला निदान दोन-चार डोकी लागतात. इथे तीही खर्ची पडली नाहीत. शिक्षणसंस्था काढून बसलेल्या पुढाऱ्यांची हाव, सरकारची घोषणांची हौस, एजंटांचा सुळसुळाट आणि आम्हा पालकांची मुकी संमती, एवढ्या भांडवलावर एक अख्खी पिढी नासवून झाली आहे. वर त्याच पिढीला आम्ही सत्कार समारंभात ऐकवतो की, ‘पोरांनो, आता अवघे जग तुमचे अंगण!’ अरे, लाज वाटू द्या जराशी.

वारंगा फाट्यावर येऊन उभे राहा म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल. नांदेडहून आलेला रस्ता इथे फुटतो. एक आखाडा बाळापूर, कळमनुरी, हिंगोली करत अकोल्याकडे निघतो, दुसरा हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ आणि नागपूर गाठतो. दोन राष्ट्रीय महामार्ग, रात्रंदिवस ट्रक, आणि चार जिल्ह्यांत नावाजलेली खिचडी. प्रवासी उतरतात, गरम खिचडीवर ताव मारतात, पुढे जातात. आमची पोरे मात्र पाठीला सॅक लावून गाडीची वाट पाहत असतात. कुणी नांदेडला नीटच्या क्लासला, कुणी लातूरला, कुणी पुण्याच्या अभ्यासिकेत एमपीएससीची पाचवी, सहावी फेरी मारायला. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा होत्या साडेचार हजारांच्या आसपास. अर्ज आले दहा लाखांवर. २०२४ च्या पोलीस भरतीत सतरा हजार जागांपुढे सतरा लाख अर्ज. ही गर्दी आळश्यांची नाही. पहाटे चारला उठून धावणारी, ढणढण तापलेल्या पत्र्याखाली दहा-दहा तास वाचणारी ही पोरे आहेत. एवढे कष्ट, एवढी चिकाटी जगातल्या कोणत्याही देशाने डोक्यावर घेतली असती. आम्ही तिला तलाठ्याच्या खुर्चीपलीकडे काही दाखवलेच नाही.

आणि याच जिल्ह्यात काय उभे राहते आहे, तेही ऐका. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया येते आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा. अमेरिकेत अशा दोन आहेत, हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांनी दोन कृष्णविवरांच्या टकरीचा थरार माणसाच्या इतिहासात पहिल्यांदा पकडला. तशी तिसरी लायगो आमच्या औंढ्याला. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः होकार दिला, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यात सव्वा मीटर व्यासाच्या पोलादी नळ्या, आणि नळ्यांतली हवा इतकी उपसलेली की आत उरावा वातावरणाच्या दाबाचा लाख कोटीवा हिस्सा. प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी इतकी हालचाल तिथे मोजायची असते. या लहरींचा ठसा आकड्यांच्या कल्लोळातून शोधून काढायच्या गणिती रीती घडवणाऱ्यांत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले डॉ. संजीव धुरंधर होते, आणि ते आयुका उभे केले कोल्हापूरच्या मातीत जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी. म्हणजे ही विद्या काही परग्रहावरून आलेली नाही. मराठी माणसांनी ती मराठी मुलखात बसून केली आहे.

आता सांगा, या वेधशाळेत हिंगोलीचे पोर कोणत्या दाराने शिरणार? शास्त्रज्ञ देशोदेशीचे येतील. निर्वात नळ्यांचे सांधे जोडणारा वेल्डर, आरशाला धुळीचा कण न लागू देणारा तंत्रज्ञ, लेझरचा माणूस, भूकंपमापकाचा माणूस, संगणकांचा ताफा सांभाळणारा, हे सगळे हवेत. यातले एक एक कौशल्य असे आहे की ते हातात आले की औंढ्यापासून इटलीतल्या व्हर्गो आणि जपानच्या काग्रा या वेधशाळांपर्यंत कुठेही चालते. २०१६ च्या होकाराला किती वर्षे झाली मोजा. तेव्हा पहिलीत असलेले पोर आज कॉलेजच्या उंबऱ्यावर आहे. या काळात जिल्ह्यातल्या कोणत्या आयटीआयने निर्वात तंत्रज्ञानाची तुकडी सुरू केली? कोणत्या महाविद्यालयाने प्रकाशशास्त्राची, उपकरणशास्त्राची पदविका काढली? कोणत्या पालकमंत्र्याने जिल्हा नियोजन समितीत यासाठी दहा लाखांचा तरी ठराव मांडला? जमिनीच्या भावाची चर्चा मात्र पहिल्या दिवसापासून झाली. प्लॉटिंगवाल्यांना गुरुत्वाकर्षण सर्वांत आधी कळले! हे असेच चालले तर वेधशाळेच्या फाटकावर काठी घेऊन उभा असेल तो आमचा असेल, आणि आत बसलेला बाहेरचा.

पण तुकडी निघून तरी काय होणार? मूळच किडले आहे. बारावी विज्ञानाला भौतिकशास्त्राची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे. हे ३० गुण आमच्याकडे कसे पडतात, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे आणि एकही शिक्षक तोंड उघडत नाही. पोराचे नाव गावाकडच्या कॉलेजात, पोर दोन वर्षे लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये. हजेरी इकडे, शिकवणी तिकडे, आणि या लबाडीला ‘इंटिग्रेटेड’ असे गोंडस नाव. २०१८ साली सरकारने अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा हुकूम काढला. पुढे त्या यंत्रांचे काय झाले ते त्या त्या कॉलेजच्या अडगळीच्या खोलीला विचारा. फेब्रुवारीत प्रात्यक्षिकाचा दिवस उगवतो. जर्नल बाजारातून तयार आणलेले, किंवा मावसबहिणीकडून लिहून घेतलेले. दोन वर्षांच्या सह्या एका बैठकीत. मीटर ब्रिजची तार गंजलेली, गॅल्व्हानोमीटरचा काटा मेलेला, स्क्रू गेज आहे पण स्क्रू फिरत नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांसाठी दुपारी गावरान कोंबडी शिजते. आणि निकालात? तीसपैकी अठ्ठावीस, एकोणतीस, तीस! ज्या पोराने व्हर्निअर कॅलिपर हातात धरले नाही, त्याच्या गुणपत्रिकेवर सरकारी शिक्क्यासह लिहून दिले जाते की याला मोजता येते. आणि याच जिल्ह्यात प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाचे मोजमाप होणार आहे!

हे गुण म्हणजे मेहेरबानी नव्हे. ही चोरी आहे, आणि चोरीला गेले ते पोराचे आयुष्य. कारण देशाची हद्द ओलांडली की त्या अठ्ठावीस गुणांना कुणी कुत्रे विचारत नाही. तिकडचा प्राध्यापक विचारतो, तुझ्या हाताने काय केलेस? कोणते यंत्र चालवलेस, कोणता प्रयोग फसला, फसल्यावर काय केलेस? या प्रश्नापुढे आमचे पोर गप्प होते आणि पुढच्या क्षणी स्वतःला मठ्ठ समजू लागते. ते मठ्ठ नसते. त्याची प्रयोगशाळा कुलूपबंद ठेवून तिच्या नावाने अनुदान, फी आणि नॅकची श्रेणी लाटणारे संस्थाचालक बाहेर हार घालून फिरत असतात. पदवीच्या वर्गातही वेगळे काही नाही. परदेशी अर्जासाठी शिफारसपत्र मागायला विद्यार्थी गेला की प्राध्यापक म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ ज्याने तीन वर्षांत विद्यार्थ्याला नावाने हाक मारली नाही, तो लिहिणार तरी काय?

नांदेडला जिल्हाधिकारी असताना श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम चालवली तेव्हा ती राज्यभर गाजली होती. खिडकीतून चिठ्ठ्या पुरवणाऱ्या काका-मामांना एका अधिकाऱ्याने आवर घातला. प्रात्यक्षिकाच्या चोरीला आवर घालायला कुणीच येत नाही, कारण ही चोरी खिडकीतून होत नाही. ती मुख्य दरवाजाने, सहीशिक्क्यानिशी होते.

भाषेचे घ्या. परदेशाचा विषय निघाला की आमच्याकडे पहिला उपाय निघतो तो ‘तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी’. त्या वर्गातून पोर बाहेर पडते ते ‘माय नेम इज’ आणि ‘माय हॉबी इज’ एवढे घेऊन. भाषा शिकणे या जिल्ह्याला परके नाही हो! नर्सीच्या नामदेवांनी सातशे वर्षांपूर्वी पंजाब गाठला, तिथल्या लोकांना कळेल अशा बोलीत पदे रचली, आणि त्यांची ६१ पदे आज गुरू ग्रंथ साहिबात आहेत. फाट्यावरून सकाळी निघालेला माणूस नाश्त्याच्या वेळेला नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात पोचतो, तिथे ज्या ग्रंथापुढे माथा टेकतो त्यात हिंगोली जिल्ह्याचा माणूस आहे. आणि बाबासाहेब? १९१३ साली बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले, महिन्याला साडेअकरा पौंड. त्या पैशात स्वतः भागवायचे, घरी पाठवायचे आणि पुस्तकेही घ्यायची. १९२१ साली त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाला प्रवेशासाठी पत्र लिहिले, ते जर्मन भाषेत. ज्या देशात शिकायचे त्या देशाच्या भाषेत अर्ज! शंभर वर्षे उलटून गेली, आणि बाबासाहेबांच्या पुतळ्यांना हार घालणारे आमचे शिक्षणमहर्षी आपल्या महाविद्यालयात जर्मनचा, जपानीचा, फ्रेंचचा एक तास ठेवू शकत नाहीत.

सरकारला हे सुचत नाही असे नाही. सरकारला फार सुचते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. दहा हजार कुशल तरुण तिकडे पाठवायचे म्हणे. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक. बातमी छापून आली, फोटो छापून आले, खेड्यापाड्यांतल्या व्हॉट्सअॅप गटांवर ‘जर्मनीत नोकरी, शासनामार्फत’ असे संदेश फिरले, आणि वारंगा फाट्याच्या हॉटेलातही बाकड्यावर बसून पोरांनी जर्मनीची गणिते मांडली. आमचा सरकारला सरळ सवाल आहे: तालुकावार हिशेब द्या. कळमनुरी तालुक्यातल्या किती जणांनी नाव नोंदवले? कितीजण जर्मन भाषेची पहिली पायरी ए-वन झाले, कितीजण वरच्या बी-टूपर्यंत टिकले? किती विमानात बसले? परिचारिकेला तिकडे पूर्ण मान्यता हवी तर बी-टू लागते, आणि शून्यातून तिथवर जायला रोज घासूनही वर्षभर लागते. मधल्या काळात घर कोण चालवणार? भाषा शिकणाऱ्याच्या पोटाची सोय न करता केलेला करार म्हणजे उपाशी माणसाला लग्नाची पत्रिका धाडून मांडवाचा पत्ता न देण्यासारखे आहे.

आणखी एक गंमत ऐका. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ असे जे पोरांच्या कानावर घातले जाते, ते बहुतेक सरकारी विद्यापीठांपुरते खरे. पण ज्या राज्याशी आमच्या सरकारने करार केला, नेमके तेच बाडेन-वुर्टेमबर्ग २०१७ पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे सुमारे बारा हजार युरो आधीच बंद खात्यात दाखवावे लागतात. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्याला आपली गुणपत्रके तपासून घेतल्याचे एपीएस प्रमाणपत्रही लागते. यातली एकही गोष्ट गुप्त नाही. पण ती मराठीत, दहावीच्या पोराला समजेल अशी, जिल्ह्याच्या ठिकाणी भिंतीवर लावायची कुणाला पडली आहे?

आता एका पोराच्या फाइलीत डोकावू या. प्लास्टिकची, बटणाची, साठ रुपयांची फाइल. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांच्या नावापुढे ‘राव’, कारण गुरुजींनी आदराने लिहिले. आधारवर ‘राव’ नाही. आईचे माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर. जन्मतारीख १ जून, कारण शाळेत घालताना मास्तरांनी सगळ्या आळीला एकच वाढदिवस दिला. ग्रामपंचायतीच्या नोंदीत मात्र ती निराळी. इंग्रजी स्पेलिंगची तर जत्रा. पासपोर्टच्या अर्जाला इथूनच अडखळायला सुरुवात होते. मग प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात नाव, मग बोर्डाकडे दुरुस्ती, मग विद्यापीठाकडे ट्रान्सक्रिप्टसाठी खेटे, मग कागद परदेशात चालावा म्हणून अपोस्टिलचा शिक्का. तोवर प्रवेशाची मुदत निघून जाते. जगात सगळीकडे पासपोर्टवरचे नाव हेच माणसाचे नाव असते, एवढी साधी गोष्ट आठवीतल्या पोराला सांगून सगळे कागद वेळीच एकसारखे करून घेणे, यात कसले आले रॉकेट सोडणे? एका मुख्याध्यापकाचे दोन दिवसांचे काम. ते दोन दिवस आमच्या शाळांना कधी मिळाले नाहीत. जनगणना, मतदारयादी, खिचडीचा हिशेब आणि फोटो अपलोड करणे यांतून गुरुजींनी मान वर केली तर ना!

या पोकळीत गिधाडे उतरली नसती तरच नवल. ‘परदेशात एमबीबीएस, डोनेशन नाही, नीट पात्र असले की झाले.’ जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, रशिया. बाप दोन एकर विकतो. पोर सहा वर्षांनी परत येते आणि इथे वैद्यकीय व्यवसाय करायचा तर परदेशी पदवीधरांची परीक्षा समोर उभी. जून २०२३ च्या त्या परीक्षेला सुमारे २४ हजार बसले आणि अडीच हजारही उत्तीर्ण झाले नाहीत. दहातला एक. हा आकडा एजंटाच्या पत्रकावर कुठे छापलेला असतो का? २०२१ च्या नियमांनी अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, तिकडेच वर्षभराची इंटर्नशिप आणि शिक्षण इंग्रजीतून, अशा अटी घातल्या आहेत. त्यांतली एक चुकली तरी पदवीचा कागद होतो. तो एजंट मात्र तोवर दुसऱ्या गावात नव्या नावाची पाटी लावून बसलेला असतो.

नोकरीच्या एजंटांचा धंदा त्याहून काळा. थायलंडला डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेलेली पोरे म्यानमारच्या सीमेवर सायबर फसवणुकीच्या कोंडवाड्यात डांबली गेली, आणि त्यांतल्या काहींना सोडवून आणायला महाराष्ट्र सायबरला धावावे लागले. १९८३ चा उत्प्रवासन कायदा सांगतो की परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्याकडे नोंदणी पाहिजे. त्याने उमेदवाराकडून घ्यायचे शुल्क ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून एक पैसा जास्त नाही. नोंदणी खरी की खोटी हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. आमच्या तालुक्यातल्या कोणत्या पोलीस ठाण्याच्या फलकावर ही माहिती लावली आहे? शिकायला पाठवणाऱ्या सल्लागारांना तर हा केंद्राचा कायदा लागूच होत नाही, ते मोकाट. पंजाबने त्यांना आणि आयएलटीएसच्या क्लासवाल्यांना परवान्याखाली आणणारा कायदा २०१२ सालीच केला. महाराष्ट्राचे विधिमंडळ तेव्हापासून काय करते आहे? भत्तेवाढीची विधेयके किती मिनिटांत मंजूर होतात, ते आम्ही पाहिलेले आहे.

इतक्यात कुणी संस्कृतिरक्षक उठून विचारेल, ‘सगळ्यांनीच परदेशी जायचे का? मग शेती कोण करणार?’ त्यांना आम्ही एवढेच विचारतो की, तुमची मुले सध्या कुठे शिकतात? व्यासपीठावरून मातीचे गोडवे गाणाऱ्यांच्या घरी व्हिडिओ कॉल लंडन-मेलबर्नहून येतात, आणि कष्टकऱ्याच्या पोराने पासपोर्ट काढला की तेवढ्यात यांना माती आठवते.

शिवाय जगाशी नाते जोडायला विमानातच बसावे लागते असे कुणी सांगितले? हळद घ्या. वसमत, कळमनुरी, औंढा, सगळा मुलूख पिवळा. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. हीच हळद जखम भरून काढते, याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली एका विद्यापीठाने खिशात घातले होते. आजीच्या बटव्यातली गोष्ट, आणि तिच्यावर मालकी मिसिसिपीची! ते पेटंट ज्यांनी उलटवले त्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या प्रमुखपदी डॉ. रघुनाथ माशेलकर होते, गोव्यातल्या माशेल गावात जन्मलेले, मुंबईत दिव्याखाली अभ्यास करून मोठे झालेले. त्यांनी मोर्चा काढला नाही, पुतळा जाळला नाही. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुराव्याला लावून अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात भांडले, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. रसायनशास्त्र, कायदा आणि इंग्रजी ही तिन्ही हत्यारे हातात असलेला माणूस काय करू शकतो ते हे.

आज हिंगोली जिल्ह्याच्या हळदीला परदेशी बाजारात कोण अडवते? कुरकुमिन किती टक्के, कीटकनाशकाचा अंश किती, शिसे आहे का, एवढे तीन प्रश्न. त्यांची उत्तरे प्रयोगशाळेत निघतात. आपल्या पंचक्रोशीतला बीएस्सी रसायनशास्त्र झालेला पोरगा ते यंत्र चालवू शकला, तर त्याची विद्या रॉटरडॅमच्या बंदरातही चालेल आणि वसमतच्या बाजार समितीतही. पण त्याने पदवीच्या तीन वर्षांत ब्युरेट धरली ती फोटो काढण्यापुरती. राष्ट्रीय हळद मंडळाचे मुख्यालय जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला गेले, तेव्हा आमचे पुढारी दोन दिवस हळहळले. तिसऱ्या दिवशी लग्नसराई होती.

पैशाचे रडगाणेही पुरे झाले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे, वर्षाला ७५ जागा. इतर मागासवर्गीय, आदिवासी आणि खुल्या प्रवर्गासाठीही स्वतंत्र योजना आहेत. निवडयादी वेळेत लागत नाही ही विद्यार्थ्यांची जुनीच तक्रार. मंत्रालयातल्या बाबूंच्या फाइलीवर चहाचे डाग पडतात आणि तिकडे सत्र सुरू झालेले असते. पण त्याआधीचा प्रश्न असा की जगातल्या वरच्या २०० विद्यापीठांपैकी एकाचे प्रवेशपत्र हातात असल्याशिवाय ही दारे उघडत नाहीत, आणि ते पत्र मिळवायचे कसे हे सांगणारा माणूस कळमनुरीच्या कोणत्या महाविद्यालयात बसतो? करिअर कट्टा, प्लेसमेंट सेल असल्या पाट्या आहेत. पाटीमागे रिकामी खुर्ची आहे.

आणि हे होऊ शकत नाही, असेही कुणी सांगू नये. आपल्या फाट्यावरून नागपूरच्या वाटेला लागले की यवतमाळ येते. बुलढाण्याच्या लोणार तालुक्यातल्या खेड्यातला राजू केंद्रे हा तरुण त्या यवतमाळात पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्यांसाठी ‘एकलव्य’ हे काम उभे करतो, २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून लंडनला शिकतो, आणि आपल्यासारख्याच पोरापोरींना अर्ज कसा लिहायचा, स्वतःची गोष्ट कशी मांडायची, विषय कसा निवडायचा हे शिकवतो. त्याच्याकडे ना साखर कारखाना होता, ना अनुदानित संस्था. जे एका तरुणाला जमले ते कोट्यवधींचे अनुदान गिळणाऱ्या संस्थांना जमत नाही, कारण त्यांना ते करायचेच नाही. शिकलेले, जग पाहिलेले पोर परत आले की पहिला प्रश्न संस्थेच्या ताळेबंदाविषयी विचारेल, ही भीती त्यांना आहे. ती रास्त आहे.

राहिलो आम्ही, पालक. आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. प्रात्यक्षिकाला एकोणतीस पडले म्हणून पेढे वाटले कुणी? आम्हीच. पोरीला गणित आवडत असताना ‘पोरीच्या जातीला झेपेल ते घे’ म्हणून कला शाखेत ढकलले कुणी? नर्सिंगचे कॉलेज कागदावरचे आहे हे माहीत असून ‘हजेरीची कटकट नाही’ म्हणून तिथेच पैसे भरले कुणी? एजंटाला नोंदणी क्रमांक विचारायची लाज वाटली आणि सोसायटीचे कर्ज काढताना वाटली नाही. ज्या बापाला बियाण्याच्या पिशवीवरची तारीख, कंपनी, लॉट नंबर सगळे वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नसतात, तो बाप पोराचे आयुष्य पावतीशिवाय देऊन मोकळा होतो.

तेव्हा आता निवेदने पुरेत. येत्या जूनमध्ये कॉलेज उघडले की ज्याचे पोर अकरावीत आहे त्या प्रत्येक आई-बापाने प्राचार्यांपुढे जाऊन प्रयोगशाळेची किल्ली मागावी. आत जावे, स्क्रू गेज फिरते का बघावे, गॅल्व्हानोमीटरचा काटा हलतो का बघावे, पोराचा हात त्या यंत्रावर आठवड्यातून कितीदा पडणार ते लेखी घ्यावे. दुसऱ्या भाषेचा एक वर्ग, कागदपत्रे जुळवून देणारा एक माणूस आणि औंढ्याच्या वेधशाळेला लागणाऱ्या कौशल्यांची आयटीआयमध्ये एक तुकडी, एवढ्या मागण्या ग्रामसभेत ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवाव्यात. महिनाभर वाट पाहावी. उत्तर आले नाही तर वारंगा फाट्यावर रस्ता रोको करावा. पीकविम्यासाठी केला, आरक्षणासाठी केला, सोयाबीनच्या भावासाठी केला. एकदा प्रयोगशाळेच्या कुलपासाठी करा.